हत्तीचं पोट

हत्तीच्या पोटाला पांढरा दोरा होता.

मी ते पोट करड्या लोकरीनं शिवलं होतं. शिवण वाकडीतिकडी, एक टाका बोटभर लांब तर पुढचा दिसेनासा, पण माझी होती. आता तिथे बारीक, एकसारखे, पांढऱ्या सुती दोऱ्याचे टाके होते. गोधडीला घालतात तसे.

गुरुवार होता, सकाळचे नऊ वाजले असतील. जयवंत, माझा नवरा, पाटबंधारे खात्यात होता. दारात जीप आली की गेला. घरात मी आणि सासूबाई, दोघीच. त्या स्वयंपाकघरात लसूण सोलत बसल्या होत्या. मी पलंगावर बसून हत्तीचं पोट दाबून पाहिलं. कापसाच्या आत काहीतरी घट्ट लागलं.

"आई," मी तिथूनच हाक मारली, "हत्तीला कुणी हात लावला होता का?"

ताटलीत पाकळ्या पडायच्या थांबल्या.

"कंचा हत्ती?"

घरात जणू चार-पाच हत्ती बांधले होते.

"माझा. उशीखालचा."

"मला काय ठावं? हत्ती तुझा, उशी तुझी."

आणि पाकळ्या पुन्हा पडायला लागल्या, जरा जास्तच भराभर.

आता हा हत्ती घरात कुठून आला ते सांगायला हवं. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. तीनदा राहिलं आणि तीनदा गेलं. शेवटच्या वेळी डॉक्टरांनी आता पुन्हा नाही असं सांगितलं आणि आम्ही एसटीनं कऱ्हाडला परत आलो. मग दोन वर्षांनी दत्तक घ्यायचा अर्ज केला, आणखी दोन वर्षांनी कोल्हापूरच्या संस्थेतून फोन आला. मुलगी. नऊ महिन्यांची. पहिल्यांदा भेटायला तीन आठवड्यांनी शनिवारी या.

संस्थेतल्या बागवान मॅडम बोलायला गोड आणि नजरेला कडक होत्या. त्यांनी फोनवरच सांगितलं, "येताना एखादं मऊ खेळणं आणा. स्वतः केलेलं असलं तर फारच छान. आठ दिवस ते अंगाशी घेऊन झोपा. बाळं वासानं माणूस ओळखतात. खेळणं तिच्यापाशी राहील. पंधरा दिवसांनी तिला न्यायला याल तेव्हा तुम्ही तिला अगदीच परक्या वाटणार नाही."

मी हो हो म्हणत होते. मग त्यांचा आवाज बदलला.

"आणखी एक. खेळण्याला मणी, बटणं काही नको. आणि आत गंडेदोरे, अंगारे तर मुळीच नकोत. मागे एका घरानं बाहुलीच्या पोटात ताईत घालून आणला होता. त्यांचा अर्ज आम्ही थांबवला. मुलगी घरात यायच्या आधीच जिथे तिची बाधा उतरवायची तयारी चाललीय, तिथे मुलगी द्यायची कशी, तुम्हीच सांगा."

मी सासूबाईंच्या खोलीच्या दाराकडे बघत होते.

तोवर मी क्रोशाची सुई हातात धरली नव्हती. बाजारातून आणलेलं चालणार नाही असं मॅडम म्हणाल्या नव्हत्या, पण मला ते परीक्षेसारखं वाटलं, आणि परीक्षेत मी कधी कॉपी केली नाही. आमच्या खालच्या मजल्यावर कुंदाताई राहायच्या. त्यांच्या घरात टीव्हीला टोपडं, फ्रीजला टोपडं, मिक्सरला टोपडं. नवरा टक्कल घेऊन तसाच हिंडायचा एवढंच नवल. त्यांनी मला समोर बसवलं.

"या साखळ्या. हे मुके खांब. हत्ती सगळा मुक्या खांबांचा. पहिल्या फेरीत सहा, दुसरीत बारा, तिसरीत अठरा. गोल गोल जायचं."

"फेरी संपली हे कळायचं कसं?"

"मोजून. म्हणून तोंड बंद ठेव."

मला मोजता यायचं नाही असं नाही, पण हातात सुई आली की सहाचे सात व्हायचे आणि बाराचे दहा. कुंदाताईंनी फेरीच्या सुरुवातीला खूण म्हणून लाल दोरा अडकवून दिला. मी पुढची फेरी विणताना तोच ओढून काढला. माझा टाका इतका घट्ट की त्यातून सुई पुन्हा शिरेना. "अगं, लोकर आहे ती, चोर पकडल्यासारखी काय आवळतेस?" असं त्या दिवसातून दहा वेळा म्हणायच्या. पहिला हत्ती वाटी झाला. दुसरा पायमोजा झाला. तिसऱ्याला पाय आले, कान आले, आणि सगळं अंग गोलाकार बंद करून शेवटची गाठ मारल्यावर माझ्या लक्षात आलं की आत कापूस भरायचा राहिलाय.

कुंदाताईंनी त्या रिकाम्या पिशवीकडे पाहिलं.

"आता काय? सिझर कर."

बोलल्या आणि त्यांनी जीभ चावली. मी हसले. घरी येताना जिन्यात तिसऱ्या पायरीवर बसून रडले. मग वर येऊन कात्रीनं हत्तीचं पोट फाडलं, कापूस भरला, आणि सुटलेले टाके गोळा करत करत ते शिवून टाकलं. सोंड करेपर्यंत लोकर संपत आली होती, त्यामुळे ती आखूडच राहिली.

"डुक्कर झकास झालंय," जयवंत म्हणाला.

सासूबाईंनी लांबूनच पाहिलं. "सोंड कुनी खाल्ली ह्येची?" एवढंच विचारलं. पण रात्री मी तो उशीखाली ठेवला तेव्हा त्या दारात उभ्या होत्या.

"किती दिस निजायचं ह्येला घिऊन?"

"आठ."

"शनवार पातूर?"

"हो."

त्या बोटांवर काहीतरी मोजत गेल्या. मला ते मोजणं आवडलं नाही.

संशय घ्यायला मला कधी फार कारण लागलेलं नाही, हे आधीच कबूल करते. दूधवाला हसला तरी मी पातेल्यात वाकून बघते. पण सासूबाईंच्या बाबतीत माझ्याकडे कारणं होती. दत्तकाचं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "कुनाचं आसंल, काय ठावं." आणि उठून भाकरी थापायला गेल्या होत्या. ते वाक्य मी दोन वर्षं जपून ठेवलं होतं. मग बागवान मॅडम घर बघायला आल्या. आदल्या दिवशी मीच सासूबाईंना बजावलं होतं, "आई, मॅडमसमोर जास्त बोलू नका. आणि मिश्री लावून बसू नका." मॅडमनी विचारलं, "आजी, नात येतेय, तुम्हाला काय वाटतं?" तर या पदर ओठांवर घेऊन म्हणाल्या, "मला कशाला ईचारता? ह्यास्नी ईचारा." मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल या विचारानं मी महिनाभर नीट जेवले नाही.

आता त्या आठवड्यातलंच घ्या. सोमवारी सकाळी सासूबाई म्हणाल्या, "मी जरा गावाकडं जाऊन येते. पेटीतलं काम हाय." गावच्या घरात आता कुणी राहत नव्हतं. एक कुलूप, एक पेटी आणि शेजारी चुलत दीर. गावाबाहेर ओढ्याच्या वरच्या अंगाला एक देवऋषी बसायचा, त्याच्याकडे सोमवारी गर्दी असते, हे मला लग्न झाल्यापासून माहीत होतं. त्या संध्याकाळी परत आल्या. हातात पिशवी. मी पुढे होऊन पिशवी घ्यायला गेले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, हलकीच हाय," आणि थेट आपल्या खोलीत गेल्या.

मंगळवारी दुपारी मी हत्ती नाकाशी धरला आणि मला मिश्रीचा वास आला. तंबाखू जाळल्याचा तो कडवट वास आमच्या घरात एकाच माणसाच्या बोटांना असायचा. चार रात्री मी त्या हत्तीला पोटाशी घेऊन झोपले होते. मुलीला वास माझा पोचायला हवा होता, आणि मध्येच यांनी त्याला हाताळून ठेवलं होतं. मी हत्ती उशीखालून काढून कपाटात ठेवला, माझ्या साड्यांत.

बुधवारी मी बाजारातून आले तर सासूबाईंच्या खोलीला आतून कडी होती. भर दुपारी. मी दारावर टकटक केली.

"आई?"

"पडलेय जरा."

पलंग करकरला नाही, पावलं मात्र ऐकू आली. मी कपाट उघडलं. हत्ती होता, पण मी त्याला डाव्या कुशीवर ठेवला होता आणि आता तो पोटावर निजला होता.

त्याच संध्याकाळी कुंदाताईंना मी हे सगळं सांगून बसले. त्यांनी सुई खाली ठेवली, आणि त्या सुई कधी खाली ठेवत नसत.

"रेवती, सांगू नये, पण सांगते. माझ्या भावजयीच्या गादीत लिंबू निघालं होतं. शिवून ठेवलेलं. घरातल्याच माणसानं."

"मग?"

"मग काय? तिनं सगळी गादी जाळली. तू डोळे उघडे ठेव. मुलीच्या आधी ते खेळणं तिथे जाणार. आणि तुझ्या त्या मॅडम पोट दाबून बघणाऱ्यातल्या दिसतात मला."

म्हणून गुरुवारी सकाळी पांढरा दोरा दिसला तेव्हा मला नवल वाटलं नाही. खरं सांगायचं तर थोडं समाधानच वाटलं. अकरा वर्षं माझ्या मनात जे होतं ते आता माझ्या हातात होतं.

मी हत्ती आणि कात्री घेऊन न्हाणीघरात गेले. नळ सोडून ठेवला. एकेक टाका कापला. कापूस बाजूला केला तशी आत एक घडी दिसली. कापडाची चिंधी, चार बोटं रुंद, घड्या घालून घालून एवढीशी केलेली, आणि वर एक गाठ. रंग कधीकाळी डाळिंबी असेल. मी गाठ सोडली. चिंधीवर मोठा पिवळा डाग होता. हळद. बोट लावलं तर तेलकट वाटलं, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. आत अंगारा असेल म्हणून मी ती झटकली. काही पडलं नाही. म्हणजे, मला वाटलं, कापडावरच करून दिलेलं आहे.

माझ्या डोळ्यांसमोर बागवान मॅडम आल्या. शनिवारी त्या हत्ती हातात घेणार, पोट दाबणार, कात्री मागवणार. आणि नऊ महिन्यांची ती मुलगी, जिचा मी फक्त फोटो पाहिला होता, दुसऱ्या कुणाच्या तरी घरी जाणार. हे या बाईनं केलं. माझ्या सासूनं. तिला माझं मूल घरात नकोय.

तेवढ्यात खाली घंटागाडी आली. मी चिंधी मुठीत घेतली, पायांत चपला न घालता दोन जिने उतरले आणि गाडी निघायच्या आत स्वतःच्या हातानं ती ओल्या कचऱ्यात टाकली. गाडीवाला म्हणाला, "वहिनी, बादली कुठाय?" मी म्हणाले, "आज एवढंच."

वर आले तेव्हा सासूबाई लसूण संपवून तांदूळ निवडत होत्या.

"आनवानी कुठं गेलतीस?"

"कचरा टाकायला."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि ताट पुढे ओढलं. मी खोलीत जाऊन हत्तीचं पोट करड्या लोकरीनं पुन्हा शिवलं. तोच वाकडा टाका. माझा.

शुक्रवारी जयवंत अर्धी रजा घेऊन दुपारी घरी आला. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं. पलंगावर बॅग उघडी होती, तिच्याशेजारी हत्ती. आम्ही कागदपत्रं मोजत होतो. सासूबाई आत आल्या. एरवी त्या आमच्या खोलीत उंबऱ्याबाहेरूनच बोलायच्या. त्या सरळ पलंगाशी आल्या, हत्ती उचलला, अंगठ्यानं त्याचं पोट दाबलं. एकदा, दोनदा. मग उलटा करून शिवण पाहिली.

"ह्येच्यातलं कुठं गेलं?"

मी याच क्षणाची वाट बघत होते.

"म्हणजे तुम्हीच घातलं होतं! कबूल करताय तर!"

"काय घातलं होतं?" जयवंतनं विचारलं.

"विचार की त्यांना! सोमवारी गावाला कशाला गेल्या होत्या विचार. कोणत्या देवऋष्याकडून करून आणलं ते विचार. पोरगी नकोय तर तोंडावर सांगायचं होतं, आई. असं हत्तीच्या पोटात घालून माझं घर कशाला बुडवताय? मॅडमनी धरलं असतं म्हणजे?"

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी आजवर त्यांना इतकं गोंधळलेलं पाहिलं नव्हतं.

"अगं, पण घातलं काय होतं?" जयवंतनं पुन्हा विचारलं.

"चिंधी! गाठ मारलेली. डाळिंबी रंगाची, हळद फासलेली."

जयवंतच्या हातातला कागद खाली गेला.

"काठ कसला होता?"

"मला काय माहीत? होता काहीतरी. बारीक रुईफुली."

तो पलंगावर बसला. मग आईकडे बघून अगदी हळू म्हणाला, "आई, ते?"

"व्हय," सासूबाई म्हणाल्या. "त्येच."

मला त्या दोघांचा भारी राग आला. माझ्याच घरात दोघांचं काहीतरी गुपित होतं आणि मी चोर ठरत होते.

"काय ते? मला कुणी सांगेल का?"

सासूबाईंनी हत्ती हातात तसाच धरला होता. बोलताना त्या त्याच्याकडेच बघत होत्या.

"ह्येच्या आदी माझी दोन गेली. एक नवव्या दिसाला, एक बाराव्या. ह्यो झाला तवा माझी चुलत सासू आली बघायला. आठ लेकरांची माय, आठच्या आठ जगलेली. तिनं आंगावरचं लुगडं टराटरा फाडलं आन् ह्येला त्यात गुंडाळला. नव्या कापडात लेकरू घालत न्हाईत गं. आदी जुनेर लागतं. जगल्या वाचल्या मानसाच्या आंगावरचं. त्यो डाग हळद-त्यालाचा. ह्येच्या आंगाचा. छत्तीस वरीस पेटीत हुतं. तुझं पहिलं ऱ्हायलं तवा काढून उन्हात घातलं. मग परत ठिवलं. तीनदा काढलं, तीनदा ठिवलं."

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मी तिकडे कान देऊन उभी राहिले, कारण समोर बघवत नव्हतं.

"मग मला सांगायचं नाही का?"

"कवा सांगू? बाई यायच्या हुत्या तवा म्हनलीस, त्वांड उघडू नगा. न्हाई उघडलं. मग म्हनलीस, गंडंदोरं चालत न्हाईत. ह्यो गंडा न्हवं, पर तू न्हाईच म्हनली आसतीस. पोरगी नऊ म्हैन्यांची झाली. कुनी तिला जुनेरात घातली का न्हाई, कुनाला ठावं. म्हनलं, आपल्या घरचं उराशी घिऊन निजंल पंधरा दिस. मग आनू की घरला. उघडी कशाला यील?"

"कुनाचं आसंल काय ठावं, असं तुम्हीच म्हणाला होतात," मी म्हणाले. तेवढंच एक माझ्याकडे उरलं होतं.

"म्हनले की. कुनाचं लेकरू आसंल, कशी जगली आसंल बिचारी तिची आय. दुसरं काय म्हनू?"

जयवंतनं विचारलं, "कुठे आहे ते, रेवती?"

"घंटागाडीत," मी म्हणाले. "काल सकाळी."

सासूबाईंनी हत्ती पलंगावर ठेवला. त्याचे चारी पाय नीट खाली घेतले, तो पडणार नाही असं पाहिलं, आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. त्या रडल्या असत्या, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आम्ही स्कूटरवरून गावाबाहेरच्या कचरा डेपोवर गेलो. उन्हात तिथं उभं राहवत नव्हतं. एक बाई काठीनं प्लास्टिक वेगळं करत होती. तिला मी कापडाचा रंग सांगितला, काठ सांगितला. तिनं माझ्या साडीकडे पाहिलं, मग समोरच्या ढिगाकडे.

"कालच्यावर चार खेपा पडल्या, बाई. सोनं हुतं का?"

"नाही."

"मग जावा घरी."

मी तरी तासभर हातानं उपसत होते. जयवंतनं मला हाताला धरून उठवलं. येताना मला माझ्या स्वभावाचा जन्मात पहिल्यांदा मनापासून तिटकारा आला.

घरी येऊन आंघोळ केली आणि मी सासूबाईंसमोर जाऊन बसले. पाया पडले. "आई, चुकलं माझं."

"व्हतंय."

"दुसरं द्या. तुमचंच एखादं जुनं लुगडं. मी स्वतः शिवते आत. मॅडमना मी सांगेन काय आहे ते, भांडेन त्यांच्याशी."

त्यांनी मान हलवली. "नगं."

"का?"

"आज न्हाई वाटायचं तुला काय. पर पोरगी कवा शिंकली, कवा तापली, तर तुझं मन त्येच चिंधीकडं जाईल. नगं. तुझ्या मनात ऱ्हायलं ते ऱ्हायलं."

"मग उद्या आमच्याबरोबर चला तरी."

"तुमी जावा," त्या म्हणाल्या, आणि आमच्यासाठी दशम्या करायला उठल्या.

शनिवारी बागवान मॅडमनी मुलीला आणलं. शर्वरी. केस विरळ, डोळे मोठे, आणि कपाळावर माझ्यासारखीच आठी. माझ्या मांडीवर आली तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हत्तीची ती आखूड सोंड धरली आणि थेट तोंडात घातली. सोंड आखूड राहिली ते बरंच झालं, बरोबर तोंडात मावत होती. मी हसत होते आणि माझं नाक वाहत होतं. मॅडमनी हत्ती जरा मागून घेतला, अंगठ्यानं पोट दाबलं.

"कापूसच आहे ना?"

"हो," मी म्हणाले. "नुसता कापूस."

जयवंत खिडकीबाहेर बघत होता.

पंधरा दिवसांनी आम्ही तिला घरी आणलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. शर्वरीनं माझ्या कडेवरूनच त्यांच्याकडे दोन्ही हात पसरले. का ते माहीत नाही. कदाचित त्यांच्या हातातल्या तांब्याकडे बघून असेल. सासूबाईंचे हात वर आले आणि तिथेच थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"घिऊ का?"

"आई, असं काय विचारता? घ्या ना."

त्यांनी घेतलं. मला वाटलं, झालं, आता मिटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तेलाची वाटी घेऊन उभ्या. "लावू का?" दुपारी, "निजवू का?" शेजारच्या बायका आल्या, मूल हातातून हातात फिरत होतं, आणि घरातली आजी विचारत होती, "मी घिऊ का गं जरा?"

मी त्या आवाजात टोमणा शोधला. मी कशी आहे ते सांगितलंच आहे, वर्षानुवर्षं शोधला. नव्हता. मी विनवलं, रागावले, एकदा तर जयवंतसमोर रडून सांगितलं की आई, नका हो असं विचारू. त्या म्हणाल्या, "सवं लागली गं आता." अकरा वर्षं त्यांनी त्या पोरीला माझ्या परवानगीशिवाय मांडीवर घेतलं नाही. ती मोठी झाली, बोलायला लागली, तशा त्या मला सोडून तिलाच विचारायला लागल्या. "येनी घालू का, शर्वरी?" "जवळ बसू का?" शेवटच्या आजारपणात ती पलंगावर त्यांच्याशेजारी पडलेली असायची, आणि तेव्हाही तिच्या केसांवर हात ठेवण्याआधी त्यांचे ओठ हलायचे.

त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली. परवा शर्वरीच्या मैत्रिणी घरी आल्या होत्या. कुणाची आजी गाल ओढते, कुणाची जबरदस्तीनं पापे घेते, अशा तक्रारी चालल्या होत्या. मी ताटं वाढत होते, जयवंत पेपर वाचत होता.

"माझी आजी तसली नव्हती," शर्वरी म्हणाली. "ती विचारल्याशिवाय कधी हातसुद्धा लावायची नाही. एवढ्या खेड्यातली होती, शाळेत गेली नव्हती, तरी." मग तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "आई, आजीला हे कुणी शिकवलं गं?"

जयवंतनं पेपर खाली घेतला.

"मी," मी म्हणाले.

तिला ते फार आवडलं. मैत्रिणींसमोर तिनं उठून मला मिठी मारली.